तपासण्या नॉर्मल, तरी रक्त थांबत नाही: इतिहास कसा विचारावा?

प्रश्न: १९ वर्षांच्या मुलीची दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त येत राहिले. पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या), प्लेटलेट नॉर्मल आहेत. पाळीबद्दल विचारले, तर ‘नेहमीसारखीच’ म्हणते. पुढे काय विचारावे?

उत्तर १: ‘नेहमीसारखीच’वर कृपया थांबू नका, आई-मावशीलाही तसेच होत असेल, तर त्या घरात जास्त रक्त जाणे हेच नेहमीचे ठरते. पॅड किती तासांनी बदलते, त्यासाठी रात्री उठावे लागते का, पाळी ७ दिवसांपेक्षा लांबते का, लोहाच्या गोळ्या कधी लागल्या का, घोळणा फुटला तर १० मिनिटांत थांबतो का, हे एकेक करून विचारा. वेदनाशामक गोळ्यांचेही विचारा.

उत्तर २: सौम्य फॉन विलेब्रांड आजारात (रक्त थांबवायला मदत करणारे याच नावाचे प्रथिन कमी किंवा सदोष असण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार) एपीटीटी नॉर्मल असू शकतो. रक्तस्रावाच्या इतिहासाला गुण देणाऱ्या आयएसटीएच-बॅट प्रश्नावलीत प्रौढ स्त्रियांत ६, पुरुषांत ४ आणि मुलांत ३ किंवा अधिक गुण असाधारण मानतात. मात्र ज्या मुलाची कधी शस्त्रक्रियाच झाली नाही, म्हणजे रक्त थांबते का हे कळण्याची वेळच आली नाही, त्याचे कमी गुण पाहून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ती: आईंना बोलावून विचारले. दोन्ही बाळंतपणांनंतर त्यांना रक्त चढवावे लागले होते, आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते. मुलीची फॉन विलेब्रांड अँटिजेन (प्रथिनाचे प्रमाण) व अ‍ॅक्टिव्हिटी (ते किती काम करते) तपासणी आज पाठवली आहे.