विंडोज एक्सपीच्या सीडीत सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा संच) कसा मिसळायचा? (बजेट ५०० रुपये)

शिरोली_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. व्हीएमसीला (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्रॅम पाठवतो त्या पीसीची हार्डडिस्क गेली. प्रोग्रॅम पाठवायचं डीएनसीचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं, त्याचा डोंगल (लायसन्सची किल्ली) प्रिंटरच्या पोर्टात बसतो. ओरिजिनल सीडी आहे, पण २००१ ची, एकही सर्व्हिस पॅक नसलेली. घरात पडून असलेली १६० जीबीची डिस्क जोडली तर सेटअप १२८ जीबीच्या आसपासच दाखवतो. सर्व्हिस पॅक सीडीतच मिसळून नवी सीडी करता येते असं ऐकलं. कसं करायचं? ऑफिसात दुसरा एक्सपीचा पीसी आहे. इंटरनेट कशालाच नाही, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून येतात. खर्च ५०० च्या आत. नवीन पीसी घ्या असं कृपया सांगू नका.

लॅमिंग्टन_रिटर्न
नवीन पीसी घ्या. मी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आय५ घेतला, १२ हजारांत एसएसडीसकट. विंडोज १० झकास पळतंय. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला, अजून किती ओढणार?

मुकुंदा
लॅमिंग्टनसाहेब, त्या आय५ ला प्रिंटरचं पोर्ट आहे का? डोंगल काय गळ्यात घालायचा? व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणारा नकली पीसी) एक्सपी टाका, प्रश्नच मिटला.

स्लिपस्ट्रीम_नाना
पॅरलल (प्रिंटरच्या) पोर्टचा डोंगल व्हर्च्युअलमध्ये ओळखला जाईल याची हमी कोण देणार? ऑर्डर अडकली तर मुकुंदा येणार आहे का शिरोलीला?

दादा, १२८ चं कारण साधं आहे. मूळ एक्सपीला ४८ बिट एलबीए (मोठ्या डिस्कवरचे पत्ते मोजायची पद्धत) येत नाही, ते एसपी१ म्हणजे सर्व्हिस पॅक १ पासून आलं. डिस्क ठीक आहे.

आता कृती. सीडी जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये कॉपी करा, सेटअपच्या फाईलींचा आय३८६ फोल्डर त्यात आलाच पाहिजे. एसपी३ ची पूर्ण फाईल घ्या, तीनशे एमबीच्या वर असते ती. ऑनलाइन इन्स्टॉलवाली छोटी नको. मग रन मध्ये त्या फाईलचं नाव, पुढे जागा सोडून स्लॅश, इंटिग्रेट, कोलन आणि फोल्डरचा पत्ता. पंधरा-वीस मिनिटांत फाईली बदलून होतात. खरी मेख पुढे. हा फोल्डर नुसता बर्न केलात तर सीडी बूट होणार नाही. मूळ सीडीतला बूट सेक्टर (सीडीवरून पीसी सुरू करणारी २ केबीची फाईल) काढून घ्यायचा आणि बर्न करताना बूटेबल, नो एमुलेशन, सेक्टर ४ हे निवडायचं. लोक इथेच आपटतात आणि सर्व्हिस पॅकला शिव्या घालतात.

गडहिंग्लजचा_पप्पू
नाना, आधी एसपी१ घालायला लागतो की. आमच्या कॉम्प्युटरवाल्यानं तसंच सांगितलंय.

स्लिपस्ट्रीम_नाना
चालू एक्सपीवर एसपी३ टाकताना एसपी१ किंवा २ लागतो, बरोबर. सीडीत मिसळताना लागत नाही, २००१ च्या कोऱ्या सीडीतही थेट जातो. कॉम्प्युटरवाल्याला माझा नमस्कार सांगा.

आयटी_वाली_मीना
एवढं हाताने कशाला करायचं? एनलाइट नावाचा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. सर्व्हिस पॅक, ड्रायव्हर, बूट इमेज सगळं एका विंडोत होतं. फक्त मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट २.० आधी टाकलेलं लागतं.

टर्नर_अण्णा
एनलाइटचं नाव काढू नका. आमच्याकडच्या पोरानं "नको ते काढून एक्सपी हलकं करतो" म्हणून काय काय उडवलं देव जाणे. मशीनची केबल जोडायचा कॉम (सिरियल) पोर्टच दिसेना, लेथ दोन पाळ्या उभा. आणि वरती कुणी यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर सुचवायच्या आत सांगतो, स्वस्तातला घेऊ नका, ड्रिप फीडला (प्रोग्रॅम थोडाथोडा पाठवताना) अक्षरं खातो आणि टूल जॉबमध्ये घुसतो.

मुकुंदा
माझा कन्व्हर्टर कित्येक वर्षं मस्त चालतोय.

टर्नर_अण्णा
तुझं मशीन काय कापतं? थर्माकोल?

आयटी_वाली_मीना
अण्णा, एनलाइटमध्ये काढायचा भाग वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही. नुसतं सर्व्हिस पॅक आणि बूटेबल आयएसओ निवडा. आणि डिस्क साटा (नव्या जोडणीची) असेल तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) आयडीई हा जुना मोड ठेवा. एएचसीआय मोड राहिला तर सेटअप सुरू होताच ७बी एररवाला निळा पडदा येतो, मग एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी शोधत बसाल.

विंडोज७_प्रेमी
विंडोज ७ ला हे काहीच नाही. एसपी१ वाली डीव्हीडी घ्यायची, डिझम टूलने इन्स्टॉल डॉट विम फाईल उघडायची, आधी ३०२०३६९ नंबरचा अपडेट आणि मग २०१६ चा मोठा रोलअप ३१२५५७४ घालायचा. झालं.

स्लिपस्ट्रीम_नाना
इथे विंडोज ७ कुणी विचारलं?

लॅमिंग्टन_रिटर्न
म्हणूनच म्हणतो, नवीन पीसी.

मीटरगेज
नेट नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २००३ साली ब्लास्टर वर्म (व्हायरससारखा) आला तेव्हा कोरं एक्सपी नेटला जोडलं की काही मिनिटांत पीसी बंद होण्याची साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू व्हायची. ते नेटवरून यायचं. कॉन्फिकर हा दुसरा वर्म पेनड्राइव्हवरूनही येतो. त्याने वापरलेल्या भोकाचा पॅच ९५८६४४ ऑक्टोबर २००८ चा, एसपी३ त्याच वर्षी एप्रिल-मेचा. म्हणजे एसपी३ घातला तरी हा वेगळा घालावा लागतो. ऑटोरनही (पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालणं) बंद करा.

गडहिंग्लजचा_पप्पू
बूट सेक्टर घ्यायला विसरू नका, नाहीतर सीडी बूट होत नाही.

स्लिपस्ट्रीम_नाना
आभारी आहे पप्पू.

शिरोली_वर्कशॉप
सगळ्यांचे आभार. नवी सीडी केलीच नाही. ऑफिसच्या पीसीला सीडी रायटर नाही, तो आणायचा तर ५०० तिथेच संपतात. वडिलांच्या कपाटात संगणकाच्या मासिकाबरोबर आलेली एसपी२ ची सीडी सापडली. जुन्याच सीडीने ४० जीबीचं पार्टिशन पाडून एक्सपी टाकलं आणि वरून एसपी२ चढवला. डोंगल ओळखला, मशीनने प्रोग्रॅम घेतला. उरलेली जागा तशीच सोडली, आमचे प्रोग्रॅम केबीत असतात. एसपी३ ला हात लावत नाही, शुक्रवारी माल द्यायचाय.

स्लिपस्ट्रीम_नाना
मग एवढं लिहून घेतलंत कशाला? असो. ९५८६४४ एसपी२ वरही चालतो, तेवढा तरी टाका.

टर्नर_अण्णा
बरोबर केलंत. चालत्या मशीनला बोट लावायचं नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न
शुक्रवारनंतर पीसीचं बघा. माझ्या ओळखीत आहे एकजण.