मुन्नार वगळा, कोची नीट बघा

आई-बाबा आणि मुलांना घेऊन 4 दिवसांत कोची, मुन्नार, अलेप्पी असं तिन्ही बसवताय, ते जरा जास्तच होतंय. मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या वर, त्यात घाटाची वळणं; जाण्या-येण्यातच सगळे दमतील. मी तरी ते सरळ वगळेन. अलेप्पी दीडेक तासावर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत.

मुक्कामही कोचीच्या एर्नाकुलम भागात स्टेशनजवळ नको, जुन्या फोर्ट कोचीत करा. सेंट फ्रान्सिस चर्च, मासेमारीची चिनी जाळी, समुद्रकाठ सगळं पायी होतं. वास्को द गामाला 1524 मध्ये याच चर्चमध्ये पुरलं होतं. पुढे अवशेष लिस्बनला नेले, पण थडग्याची जागा दाखवतात. जाळ्यांपाशी मुलांना थोडा वेळ उभं राहू द्या. दोरांना लटकवलेल्या दगडांच्या वजनावर ते अख्खं धूड वरखाली होतं, आणि मासे मात्र बहुतेकदा ओंजळभरच!

जवळच्याच मट्टनचेरी भागात शुक्रवार-शनिवार सोडून जा. राजवाडा शुक्रवारी बंद, 1568 चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं बाबांना नक्की आवडतील. एर्नाकुलमला जायला रिक्षापेक्षा बोट बरी, वॉटर मेट्रो नावाची बोटसेवाही आहे.

नागपूरहून केरळ एक्सप्रेस थेट आहे, पण सुट्ट्यांचं आरक्षण लवकर बघा. आणि "आपण तर 45 डिग्रीवाले" या भ्रमात मे महिन्यात जाऊ नका. तिथला पारा कमी असला तरी दमट हवेने घामाच्या धारा लागतात, कूलरचा तर काहीच उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारी जमतंय का बघा.