घरचा सुका कचरा वेगळा ठेवून समुद्र स्वच्छ होतो का?

मिठीकाठ

मोठ्या भरतीला समुद्र मरीन ड्राइव्हवर कचरा फेकतो, फोटो फिरतात आणि सगळे एकमेकांना ओला-सुका शिकवायला लागतात. माझं मत असं, की मुंबईच्या समुद्राचा आणि आपल्या ओट्याखालच्या दोन डब्यांचा संबंध फार थोडा आहे. घंटागाडीत पडलेला कचरा कांजूरमार्गला किंवा देवनारला जातो, माहीमच्या खाडीत नाही. खाडीत जातो तो न उचललेला कचरा. मिठी नदी विहार-पवई तलावांपासून माहीमपर्यंत येते, तिच्या काठच्या गल्ल्यांत घंटागाडी शिरत नाही, मग पिशवी नाल्यातच पडते. त्यावर उपाय म्हणजे नाल्याच्या तोंडाशी जाळी आणि तरंगता अडसर. पण जाळी रोज उपसली नाही तर ती तुंबते, पाणी मागे वस्तीत चढतं आणि ऐन पावसात तीच जाळी उचलून टाकावी लागते. त्यात ४.५ मीटरवरची भरती असेल तर पाणी तसंही बाहेर पडत नाही. पैसा आणि माणसं या उपशावर लावा. दह्याचे डबे धुऊन समाधान मिळतं, बाकी काही नाही.

ओला_सुका_लाल

अर्धं पटलं. पण ‘देवनारला गेला म्हणजे समुद्रात गेला नाही’ हे कुठून आणलंत? देवनारचं डम्पिंग १९२७ पासून ठाणे खाडीच्या काठावरच आहे. ओला कचरा कुजून काळं पाणी सुटतं, ते उताराने खाडीकडेच जाणार. ओलं घरीच किंवा सोसायटीत जिरवलं तर ते पाणी तयारच होत नाही.

दुसरं म्हणजे गळती गेटपासूनच सुरू होते. मिसळलेली पिशवी कुंडीपाशी पडली की बाटली काढण्यासाठी कोणीतरी ती फाडतं. बाटली जाते, बाकी पसारा तिथेच राहतो आणि पहिल्या सरीत गटारात उतरतो. सुकं वेगळं आणि कोरडं असेल तर पिशवी फाडायची गरजच पडत नाही.

दुधाच्या पिशवीचंच घ्या. कोपरा कापून टाकला की तो नखाएवढा तुकडा भंगारात येत नाही, झाडूत येत नाही, थेट मोरीतून जातो. चीर द्या, पण कोपरा पिशवीलाच लटकू द्या. दोन घोट पाणी घालून खळबळा, ते पाणी चहात घाला, पिशवी उलटी वाळत लावा. एक पिशवी जेमतेम अडीच-तीन ग्रॅमची. दिवसाला दोन घेणाऱ्या घरात किलो भरायला सहा महिने लागतील, तेवढ्यासाठी भंगारवाला जिना चढणार नाही. म्हणून दर विंगला एकच मोठी गोणी ठेवायची. घरोघरी साठवायला सांगितलं की महिन्याभरात वास सुटतो आणि सगळं बंद पडतं.

डोलकर_वसई

जाळ्यात काय येतं ते सांगतो. डोल, म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, भरतीच्या ओढीला तोंड करून लावतात आणि मागे निमुळता होत जाणारा खोला बारीक आसाचा (भोकांचा) असतो. पातळ पिशवी, वेफर्सचं पाकीट, गुटख्याची पुडी तिथे आसावर चिकटते. पाणी पार जात नाही, जाळं जड होतं, जवळा आणि पुड्या एकत्र चिवडत बसावं लागतं. आख्ख्या बाटल्यांचा त्रास त्यामानाने कमी.

बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं. झाकण नसेल तर ती भरून तळाला जाते. झाकण मात्र हलकं, ते तरंगतच राहतं. म्हणून बाटली चेपा आणि झाकण घट्ट लावूनच द्या. सुटं झाकण गटारात गेलं की आमच्याकडेच आलं.

आणि मिठीकाठ, तुमच्या नाल्याच्या जाळीत बाटली अडकेल. पुडी भिजून तिच्या मोठ्या आसातून निसटते. (आमच्या नायलॉनच्या फाटक्या जाळ्या आणि थर्माकोलही पाण्यात जातात, ते कबूल. पण तो वेगळा धागा.)

मिठीकाठ

हेच तर म्हणतोय. समुद्राला छळणाऱ्या या पुड्या कोणताही भंगारवाला घेत नाही. मग वेगळ्या ठेवून करायचं काय? शेवटी सिमेंटच्या भट्टीत जाळतात आणि त्याला पुनर्वापर म्हणतात. ही फसवणूक आहे.

चुरा_आणि_दाणा

भट्टीत जाळणं म्हणजे पुनर्वापर नव्हे, बरोबर. वेफर्सच्या पाकिटात दोन-तीन जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वर धातूचा पातळ मुलामा. त्यांचे वितळण्याचे अंश वेगळे, त्यामुळे एकत्र वितळवून दाणा (नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल) धड होत नाही. पण नाल्यापेक्षा १४०० अंशांची भट्टी बरी. तिथवर न्यायला माल कोरडा आणि वेगळा हवा. भिजलेलं पाकीट म्हणजे पाण्याचं भाडं भरून पाणी जाळणं. २०१६ च्या नियमांपासून हा माल गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, पण कंपनीला गोळा करायला गठ्ठा मिळायला हवा ना?

ओळखायची रीत अशी: बोटांनी ताणा. सावकाश लांबत जाऊन पांढरट झालं तर दुधाच्या पिशवीची जात, त्याला गिऱ्हाईक आहे. कडकड वाजून सरळ रेषेत फाटलं आणि आत चंदेरी असेल तर भट्टीचा माल. चुरगाळून सोडल्यावर परत उलगडतं तेही तसलंच.

झाकणाचं डोलकरांचं बरोबर आहे. कारखान्यात बाटल्यांचा चुरा धुताना हौदात झाकणाचे तुकडे वर येतात आणि बाटलीचे खाली बसतात, आपोआप वेगळे होतात. हाताने निवडणारे लहान गोदामवाले झाकण वेगळं मागतात, कारण ते वेगळ्या भावाने जातं. त्यांना देत असाल तर झाकणं एका डब्यात साठवा, सुटी नकोत.

खरं विष आहे बाटलीला घट्ट बसवलेलं ते छापील आवरण. ते पीव्हीसीचं असेल तर बाटलीच्या चुऱ्याइतकं जडच असतं, हौदात वेगळं होत नाही. पुढे बाटलीचं प्लास्टिक वितळायच्या तापमानाला ते जळून आम्ल सोडतं, आख्खा घाणा पिवळा-तपकिरी पडतो. द्यायच्या आधी फाडून काढा, हे काम पाच सेकंदांचं आहे.

कुंदा_ठाणे

आमच्या सोसायटीने सुक्यासाठी ‘कंपोस्टेबल’ पिशव्या आणल्या आहेत. त्या चालतील ना?

चुरा_आणि_दाणा

सुक्यासाठी अजिबात नको, ताई. त्या औद्योगिक खतप्रकल्पातल्या, साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत मोडतात. सोसायटीच्या गार खड्ड्यात महिनोन्‌महिने तशाच राहतात, समुद्राच्या थंड पाण्यात तर विचारूच नका. दुधाच्या पिशव्यांत मिसळल्या तर दाणा ठिसूळ होतो. जुनी गोणी वापरा.

ओला_सुका_लाल

तिसरा डबाही विसरू नका, माझं नावच त्यावरून आहे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून लाल ठिपका, पुण्यात चालतं तसं. ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, त्यांत बहुधा कृत्रिम धागा असतो, विरघळत नाही. वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाण्याच्या नळ्या समुद्रात तीन किलोमीटरहून जास्त आत जातात. घरून सुटलेलं तिथे कोण अडवणार?

मिठीकाठ

विंगची गोणी, लाल ठिपका, सगळं मान्य, पण ज्यांना विंग आहे त्यांना. नाल्याकाठच्या गल्लीत हातगाडी अकरा वाजता येते, तोवर माणसं कामाला गेलेली असतात. रात्री आठ वाजता भरलेली पिशवी दहा बाय दहाच्या खोलीत सकाळपर्यंत ठेवायची कुठे? फेरी सकाळी सहा ते आठ आणि पुन्हा रात्री, अशी लावा. डबे त्यानंतर वाटा.

डोलकर_वसई

फेरीची वेळ, हे पटलं. पण त्या रात्रीच्या फेरीत पुड्यांची पिशवी वेगळी बांधलेली हवी.