कल्पना झकास, नायक ढिम्म : तुमचे अनुभव लिहा

अद्भुतकथा हातात घेतली, सुरुवातीची पानं भन्नाट, आणि पुढं नायक नुसता उभा! असं तुमच्या बाबतीत झालंय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनी मोकळेपणानं लिहा. लेखकाचं नाव नको, गोष्ट कुठं अडली ते सांगा.

सुरुवात मीच करते. एका मित्राचं हस्तलिखित वाचलं. आपल्या खानापूर तालुक्यातच मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्याकडं. मित्राच्या गोष्टीत एका रात्री मलप्रभाही पश्चिमेला वळते. सौंदत्तीचं धरण कोरडं पडतं. (पाणीवाटपाचं राजकारण बाजूला ठेवा, कल्पना बघा!) नदीचं बोलणं फक्त एका पोराला ऐकू येतं. इथंवर मी जेवण विसरून वाचत होते. मग एक म्हातारा त्याला काठी देतो, एक मुलगी त्याला भीमगडच्या जंगलातून नेते, बारापेडे गुहेतली वटवाघळं वाट दाखवतात, शेवटी काठी आपणहून चमकते आणि नदी परत फिरते. पोराच्या जागी भाताचं पोतं नेलं असतं तरी नदी वळली असती की!

निपाणीहून
नातीला एक गोष्ट वाचून दाखवत होतो. बंद पडलेली तंबाखूची वखार, तिथल्या तंबाखूच्या प्रत्येक बोदात, म्हणजे मोठ्या गाठोड्यात, कुणाचं तरी हरवलेलं एक वर्ष बांधून ठेवलेलं. काय कल्पना आहे बघा! नात दर पानाला विचारायची, "आजोबा, मग त्यानं काय केलं?" मी म्हणायचो, "बघत राहिला." थोड्या वेळानं तिनं पुस्तक मिटलं आणि वखारीतल्या उंदराची गोष्ट स्वतःच रचून सांगायला लागली. तिच्या उंदरानं पहिल्याच फटक्यात आजीचं वर्ष कुरतडून बाहेर काढलं.

गोकाकजवळून
आमच्याकडं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य रात्र रात्र चालतं. कन्नड सगळं कळत नसतानाही मी लहानपणी जागून बघायचो. त्यात जादू म्हणाल तर स्वर्गातलं एक फूल. नारद ते आणतो, कृष्ण रुक्मिणीला देतो, एवढंच. पण सत्यभामा रुसते, हट्टाला पेटते, आणि त्या हट्टापायी कृष्णाला इंद्राशी वैर घ्यावं लागतं. हट्ट करणारं कुणी नसेल तर फूल सुकून जाईल आणि लोक घरी जाऊन झोपतील.

बेळगाव शहरातून
सार्वजनिक वाचनालयात (1848 पासूनचं आपलं!) असल्या कादंबऱ्या बऱ्याच चाळल्यात. माझं निदान असं, की लेखक आपल्या नकाशाच्या प्रेमात पडतो. सात राज्यं, त्यांच्या वंशावळी, दोन चंद्र. नायकानं काही ठरवलं तर नकाशाबाहेर जाईल, ही धास्ती. मग त्याला पर्यटक करून हिंडवतात. वर भविष्यवाणी असतेच, म्हणजे त्याला स्वतः काही निवडायचं कामच नाही.

हलशीहून
ताई, सगळेच नायकाला तलवार द्या म्हणायच्या बेतात दिसताय, म्हणून लिहितो. आमच्या भूवराह नरसिंह देवळात गेलं की मला प्रल्हाद आठवतो. तो कुणाला मारत नाही. त्याला कड्यावरून ढकलतात, आगीत बसवतात, सोडवायला दुसराच येतो. तरी ती गोष्ट त्याचीच, कारण बापानं सांगितलेलं नाव घ्यायला तो नकार देतो आणि त्याची किंमत मोजतो. विक्रम राजाचंही तसंच. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं, बोलला तर प्रेत परत झाडावर. खांद्यावर ओझं घेऊन चालणारा माणूस, पण दर खेपेला निवड त्याचीच. दुबळा नायक मला चालतो. ज्याला काहीच नको असतं, तो चालत नाही.

धागाकर्ती
हलशीचे दादा, पटलं. त्या हस्तलिखितात असा एक प्रसंग आहे. पोराची आई त्याच नदीत बुडालेली असते, म्हणून नदी हाक मारते तेव्हा तो कानात कापूस घालून झोपतो. सबंध गोष्टीत त्यानं स्वतः केलेलं तेवढंच, आणि ते अर्ध्या पानात उरकलंय. मित्राला म्हटलं, हेच वाढव. तो विचारतो, मग काठीवाल्या म्हाताऱ्याचं काय करू? सुचवा कुणीतरी.

चिकोडीहून
म्हाताऱ्याला पहिल्याच पुरात जाऊ दे. काठीसकट.