पीटर सॅलोवे वाचायचा तर सुरुवात कुठून?

जळगाव, एम.ए. मानसशास्त्र: सेमिनार भावनिक बुद्धिमत्तेवर आहे. सगळे लेखक डॅनियल गोलमनचं त्याच विषयावरचं १९९५ चं पुस्तकच सुचवतात. तेवढं पुरेल का, भाऊ?

धुळे: नाही. मूळ मांडणी सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९० च्या लेखात आहे. पण तिथेच थांबू नका. १९९७ मध्ये त्यांनी ती चार शाखांत बसवली: भावना ओळखणं, विचारासाठी वापरणं, समजणं, हाताळणं. १९९० आणि १९९७ च्या चौकटींची सरमिसळ केली की तोंडी परीक्षेत अडकाल. सॅलोवे यांची कारकीर्द दोन ओळींत उरका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक, २०१३ ते २०२४ तिथलेच अध्यक्ष.

नंदुरबार: खरा घोळ मोजमापात होतो. सॅलोवे-मेयर यांची एमएससीईआयटी (मेयर-सॅलोवे-कारुसो भावनिक बुद्धिमत्ता चाचणी) ही १४१ प्रश्नांची क्षमता-चाचणी, म्हणजे प्रश्न सोडवून द्यायची. गुण तज्ज्ञांच्या किंवा बहुमताच्या कौलावर ठरतात (टीकाही इथेच होते). मानसशास्त्रज्ञ बार-ऑनच्या ईक्यू-आय या प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल सांगतो. दोन्हींचे गुण एकाच गोष्टीचे समजून तक्त्यात शेजारी मांडू नका.