पहिलं आरसी विमान कोणतं घ्यावं? (स्पिटफायरचा मोह आवरत नाहीये)

नमस्कार मंडळी,

बेचाळिसाव्या वर्षी रिमोटच्या विमानाचं वेड लागलंय. दोन महिने नुसतं वाचतोय, व्हिडिओ बघतोय, आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

खरं सांगतो, मला दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मॉडेल हवंय. ते लंबगोल पंख पाहिले की बाकीची विमानं ठोकळ्यासारखी वाटतात. ८०० मिलिमीटर पंखविस्ताराचं, फोमचं, जायरो (विमान सरळ धरायला मदत करणारं यंत्र) बसवलेलं एक मॉडेल मनात भरलंय. खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असंही छापलंय. पण जे जे वाचतो त्यात पंख वर असलेलं ट्रेनरच, म्हणजे शिकाऊ विमानच, घ्या म्हणतात. ती विमानं दिसायला अगदीच गरीब गाय!

तीन आठवडे सिम्युलेटरवर रोज अर्धा तास बसतोय. टेकऑफ जमतो. विमान लांब जात असेल तोवर मी राजा. वळून माझ्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि सावरायला जातो तेव्हा हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. दहातली सहा-सात विमानं तिथेच आपटतात. खऱ्या विमानाचा अनुभव म्हणजे एकदा ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांचं ट्रेनर दोन मिनिटं माझ्या हाती दिलं होतं. तिथेही हेच झालं. त्यांनी रेडिओ (हातातला रिमोट) हिसकावून घेतला म्हणून विमान वाचलं. ते आता दुसरीकडे राहायला गेले, त्यामुळे शिकवणारं कुणी नाही. मोकळं मैदान मात्र आहे.

तर जायरो असेल तर स्पिटफायर चालेल का? नाहीतर तीन चॅनेलचं (म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी चालवता येणारं) विमान घेऊ की चारचं? आणि एकट्याने शिकता येतं का?

प्रतिसाद

स्पिटफायर जरूर घ्या. फक्त तिसरं विमान म्हणून.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण कारण सांगायला हवं, नाहीतर धागाकर्ते पुढच्या आठवड्यात गुपचूप स्पिटफायर घेऊन मोकळे होतील. (मी घेतलं होतं. पहिलं उड्डाण अकरा सेकंद.)

वजनाच्या मानाने पंख लहान असला की विमानाला हवेत राहायला वेग लागतो. वेग म्हणजे विचार करायला कमी वेळ. त्यात भर म्हणून स्पिटफायरसारखा निमुळता पंख असेल तर वेग कमी पडल्यावर टोकाकडचा भाग आधी स्टॉल होऊ शकतो, म्हणजे त्याची उचल संपते, आणि विमान एका बाजूला पलटी खातं. तेही उतरताना, म्हणजे सावरायला उंचीच नाही. जायरो विमान सरळ धरायला मदत करतो, पण पंखावरची हवा सुटली की त्याच्याही हातात काही राहत नाही.

गरीब गाय जी करते ते बघा. पंख वर, वजन खाली लटकलेलं, पंखांची टोकं किंचित उचललेली. हात सोडलात तर ती बरीचशी आपोआप सरळ होते. नवशिक्याला हवा असतो तो हाच वेळ. १.१ ते १.४ मीटर पंखविस्तार बघा. त्याहून लहान विमान वाऱ्यात भिरभिरतं आणि लांबून दिसेनासं होतं. प्रोपेलर मागे असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, कारण नवशिक्याचं विमान नाकावर आपटतं आणि अशात मोटर, प्रोपेलर वाचतात. हॉबीझोन कंपनीचं एअरोस्काउट त्याच पठडीतलं.

तुमचं डावं-उजवं उलटं होणं हा सगळ्यांचाच आजार आहे. त्यावर एक साधी युक्ती: विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला न्या. खालच्या पंखाला टेकू दिल्यासारखं. हळूहळू टेकूचा विचारही करावा लागत नाही. सिम्युलेटरवर आठवडाभर दुसरं काही करू नका, फक्त विमान स्वतःकडे आणायचं, डोक्यावरून न नेता बाजूने काढायचं, परत फिरवायचं. आणि हो, कीबोर्डवर खेळत असाल तर त्याचा उपयोग शून्य. खरा रेडिओ केबलने जोडा.

प्रतिसाद

तीन की चार यावर माझं मत वेगळं. चार चॅनेल घ्यावं. तीनमध्ये एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) नसतं, रडरने (शेपटीच्या उभ्या पट्टीने) वळवायचं. शिकायला सोपं, पण वाऱ्यात विमान आळशी वागतं आणि दोन महिन्यांत कंटाळा येतो. तीनच घेतलंत तर रडरचा सर्व्हो (रडर हलवणारी छोटी मोटर) विमानातल्या रिसीव्हरच्या एलेरॉन चॅनेलला जोडा, म्हणजे पुढच्या विमानात वळायची सवय त्याच स्टिकवर राहील.

जायरो पहिल्या काही उड्डाणांपुरता चालू ठेवा, मग मधूनमधून भरपूर उंचीवर बंद करत जा. कायम चालू ठेवून उडवणारे पाहिलेत. त्यांना उडवता येतं असं त्यांनाच वाटतं.

प्रतिसाद

एकट्याने शिकता येतं, मी तसाच शिकलो. पण उडवण्याआधीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं, म्हणून लिहितो.

एकदा दुरुस्तीनंतर सर्व्होच्या वायरी उलट लागल्या होत्या. जमिनीवर एलेरॉन हलतंय एवढंच पाहिलं, कुठल्या बाजूला हलतंय ते नाही. विमान हातातून सुटलं आणि मी सावरत गेलो तसतसं जास्तच कलंडलं. म्हणून विमानाच्या मागे उभं राहून बघा: स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली गेलं पाहिजे. हे दर वेळी, कंटाळा न करता.

गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलाय तिथेच हवा. साध्या आयताकृती पंखात तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर येतो. शेपूट जड झालेलं विमान आवरत नाही. त्यापेक्षा नाक थोडं जड परवडलं.

रेडिओ आधी चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट. बॅटरी जोडली की प्रोपेलरपासून हात लांब. फेकताना मोटर मागे असेल तर पोटाखालून धरा, आणि वाऱ्याच्या तोंडावर, आडवं सोडा. आकाशाकडे नाही!

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बॅलन्स चार्जरवरच (सगळे सेल सारखे भरणारा), एक सी ने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच करंटने, २२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअरने. चार्ज होत असताना खोलीतून उठून जायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टेकूची युक्ती काल रात्री करून पाहिली, दहातली सात विमानं परत आली! चार चॅनेलचं, मागे प्रोपेलरवालं ट्रेनर घ्यायचं ठरवलंय. बायको म्हणाली, "हे तर बरंच साधं दिसतंय." काय सांगणार.

शेवटची शंका, ३ सेलच्या २२०० च्या बॅटऱ्या किती घेऊ? आणि टायमर किती मिनिटांचा लावू?

प्रतिसाद

निदान तीन. एकीवर मैदानात जाऊन परत येण्यात दिवस जातो. टायमर सुरुवातीला पाच मिनिटांचा लावा, उतरल्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजा. ३.७ च्या वर असेल तर पुढच्या वेळी एक मिनिट वाढवा. घरी ठेवायच्या असतील तर ३.८ वर आणून ठेवा, पूर्ण भरून नको.