मदत हवी आहे: कुळागरातला रानकोंबडा आणि संकराची शंका
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पहाटे राखी रानकोंबडा येतो, पोफळींखालचा पाचोळा उकरून वाळवी टिपतो. अंग राखाडी, शेपूट काळी नि वळणदार, मानेच्या काळसर पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट ठिपके. आरवणं तुटक, घोगरं. गावठीसारखं लांबत नाही. फार देखणा पक्षी! त्याच्याबद्दल शंका नाही.

शंका आहे ती सोबतच्या कोंबडीची. रानकोंबडीच्या पोटावर काळ्या कडांची पांढरी पिसं हवीत. हिचं पोट सरसकट तांबूस दिसतं. गावठीशी या जातीचा संकर होतो, म्हणून काळजी वाटते. आणखी कोणत्या खुणा बघू? विणीनंतर नर मानेची पिसं टाकतो, तेव्हा तो कसा ओळखायचा? आमच्या गावठी कोंबड्या आतापासूनच बंदिस्त ठेवू का?